हवा बंद पडल्यावर

माझ्या बाबांनी सव्वीस वर्षं एका टाकीला गूळ खायला घातला.

शाळेत कुणी विचारलं की मी नुसतं "बाबा कंपनीत आहेत" म्हणायचे. रोह्यात तेवढं पुरतं. धाटावची एमआयडीसी गावाला लागूनच, त्यामुळे वर्गातल्या निम्म्या मुलांचे बाबा कंपनीतच. कुणाचे रंगाच्या, कुणाचे औषधांच्या, कुणाचे कीटकनाशकांच्या. कंपनीचं नाव कुणी विचारत नसे, शिफ्ट विचारत. बाबा नेमके कुठे बसतात हे मात्र मी सांगायचे नाही, कारण ते ईटीपीला होते. कारखान्याचं सांडपाणी बाहेर सोडण्याआधी जिथे साफ करतात ती जागा. प्लांटच्या पार मागे, कुंपणाला लागून. काहीतरी चुकलं की माणसाला तिकडे टाकत. बाबांचं काही चुकलं नव्हतं. ते तिथेच लागले आणि तिथूनच रिटायर झाले.

मी सातवीत असताना मार्चमधल्या सुरक्षा सप्ताहात घरच्यांना प्लांट बघायला बोलावलं होतं. बाकीची मुलं फायर ब्रिगेडचा डेमो बघत होती आणि बाबा मला मागे घेऊन गेले. आमच्या घराच्या चौपट मोठी टाकी. आत चहाच्या रंगाचं पाणी सगळीकडून उकळल्यासारखं बुडबुडत होतं, पण हात लावला तर थंड. "यात किडे आहेत, कोट्यवधी," बाबा म्हणाले. "दिसत नाहीत. ते घाण खातात, आपण त्यांना हवा द्यायची." तळाला जाळीसारखे पाइप होते आणि शेडमधला ब्लोअर चोवीस तास त्यातून हवा सोडत होता. पण नुसती कारखान्याची घाण खाऊन किडे जगत नाहीत, म्हणून त्यांना युरिया, डीएपी, शेणाचा काला आणि गूळ घालायचा. गुळाच्या ढेपांचं बिल अकाउंट्सला गेलं की तिथला क्लार्क दर वेळी विचारायचा, "टाकीला का स्टाफला?" दिवाळीत प्लांट बंद असायचा, सांडपाणी यायचं नाही, आणि बाबा लक्ष्मीपूजनाच्या दिवशी सकाळी गूळ घेऊन कंपनीत जायचे. आई म्हणायची, "घरच्यांना फराळ नाही मिळाला तरी चालेल, किडे उपाशी नकोत."

बाबांचा एकच नियम होता, तो मी इतक्या वेळा ऐकलाय की पाढ्यासारखा पाठ आहे. हवा बंद पडली की टाकी मेली. रात्री दोन वाजता फोन वाजला की आम्हाला कळायचं, ब्लोअर ट्रिप झाला. बाबा शर्ट चढवून बाहेर. दोन-चार तासांत दुरुस्त झाला तर ठीक. दिवसभर राहिला तर चहाच्या रंगाची टाकी काळी पडायची, सडक्या अंड्यांचा वास सुटायचा, आणि मग पुन्हा शेण, पुन्हा गूळ, पुन्हा पंधरा दिवस वाट बघायची. त्या दिवसांत बाबा घरी आले की त्यांच्या कपड्यांना तो वास असायचा आणि ते जेवताना कुणाशी बोलायचे नाहीत.

पुढे मी लोणेऱ्याला केमिकल इंजिनिअरिंग केलं आणि कॅम्पसमधून सॉफ्टवेअरमध्ये गेले, जसे सगळेच जातात. हिंजवडीत बसून मी बँकांसाठी कोड लिहिते. बेन्झिनचा माझा संबंध शेवटच्या सेमिस्टरच्या पेपरबरोबर संपला होता. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात तो पुन्हा सुरू झाला, पेणला, मामाच्या तळ्यात.

आईचं माहेर पेणच्या खारेपाटातलं. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला बांध, बांधापलीकडे तिवरं आणि खाडी. घरामागे जिताड्याचं तळं. खाडीतून जिताड्याची पिल्लं आणून तळ्यात सोडायची आणि दोन-तीन वर्षं वाढवायची ही तिकडची जुनी पद्धत. घरात जावई येणार असला की तळ्याकडे आधी बघतात. त्या मे महिन्यात मामाने तळं उपसून गाळ काढायला घेतला होता. वरची ताकाच्या रंगाची साय फावड्याने बाजूला झाली आणि खालून निघाला तो काळाकुट्ट, लोण्यासारखा मऊ गाळ. आणि तो वास. बंद पडलेल्या टाकीचा.

बाबा काठावर उभे होते. ते म्हणाले, "मेलंय हे. खाली हवाच नाही."

मामा गुडघाभर गाळात उभा राहून हसला. "दाजी, तुमची टाकी मरत असंल. याच्यावरच तर जिताडा पोसतंय. हे काय आज काढलंय काय, माझ्या बापाच्या टायमापासून असंच काळं हाय." मग माझ्याकडे वळून, "बाय, तू शिकलीस ना कंपनीचं? सांग तुझ्या बापाला, हे मेलंय का जितं."

मला सांगता आलं नाही. चार वर्षांच्या डिग्रीत आम्हाला हवेवरच्या टाक्या शिकवल्या होत्या, बिनहवेच्या गोबरगॅसपुरत्या. पुण्याला परत येताना मी मोबाइलवर वाचायला लागले. वाशीपर्यंत गोबरगॅस झाला, लोणावळ्यापर्यंत भातशेती, आणि त्या रात्री दीड वाजता मी अशा जिवाणूंपाशी पोचले होते जे क्लोरिनवर श्वास घेतात. म्हणजे बाबांच्या कंपनीतून जे यायचं आणि टाकीतल्या किड्यांना जे कधीच नीट पचायचं नाही, त्याच्यावर.

आता थोडं केमिस्ट्रीचं. लांबवणार नाही, पण हे कळल्याशिवाय पुढच्यात मजा नाही.

आपण श्वास कशासाठी घेतो? जेवणातून निघणारे इलेक्ट्रॉन शेवटी कुणाच्या तरी पदरात टाकावे लागतात, तरच मधल्या वाटेवर ऊर्जा मिळते. आपण ते ऑक्सिजनच्या पदरात टाकतो, त्याचं पाणी होतं. ऑक्सिजन घेणाऱ्यांमध्ये सगळ्यात भारी, म्हणून हवा असेल तिथे त्याच्यावर जगणारेच राज्य करतात. चिखलात मात्र वरचे काही मिलिमीटर सोडले तर हवा पोचत नाही. शेतात पाणी भरलं की उरलेला ऑक्सिजन दिवसा-दोन दिवसांत संपतो. मग खालच्या जिवाणूंना दुसरा घेणारा शोधावा लागतो. आधी नायट्रेट. मग मँगनीज, मग लोखंड, म्हणून तांबडी माती पाण्याखाली राखाडी होते. मग सल्फेट, त्यातून तो अंड्यांचा वास आणि लोखंडाशी जुळून झालेला काळा रंग. खाडीच्या पाण्यात सल्फेट भरपूर, म्हणून खारेपाटाचा गाळ इतका काळा. म्हणजे तो काळा रंग हीच कुणीतरी श्वास घेत असल्याची खूण आहे. मामाचं बरोबर होतं.

आता बाबांच्या टाकीची अडचण. बेन्झिन म्हणजे सहा कार्बनचं कडं. रंग, औषधं, कीटकनाशकं यातल्या बहुतेकांच्या पोटात ते असतं. हवेवरचे जिवाणू हे कडं फोडतात ते शेजारशेजारच्या दोन कार्बनवर ऑक्सिजन बसवून. त्यासाठी तिथे जागा हवी आणि कड्यात इलेक्ट्रॉन भरपूर हवेत. कारखान्यात कड्यावर क्लोरिन चढवला की दोन्ही गोष्टी बिघडतात. क्लोरिन जागा अडवतो आणि कड्यातले इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून धरतो. एक-दोन क्लोरिन असतील तर काही हुशार जिवाणू निभावून नेतात. जसजसे वाढतील तसतसं अवघड. हेक्साक्लोरोबेन्झिन नावाचं एक बुरशीनाशक होतं, बियाण्याला चोळायचे. त्यात सहाच्या सहा जागी क्लोरिन. हवेवरच्या जिवाणूंना आत शिरायला जवळपास दारच नाही. आणि पाण्यापेक्षा ते तेलात जास्त विरघळतं, म्हणून गाळाला चिकटतं, मग माशाच्या चरबीला, मग मासा खाणाऱ्याच्या.

गंमत अशी की हाच दोष उलट्या बाजूने बघितला तर गुण आहे. इलेक्ट्रॉन ओढणारं कडं म्हणजे इलेक्ट्रॉन घ्यायला तयार असलेलं कडं. ज्या जिवाणूंना इलेक्ट्रॉन टाकायला जागा नाही त्यांना आणखी काय हवं? ते कड्यावर इलेक्ट्रॉन टाकतात, क्लोरिन सुटून मिठातल्यासारखा साधा क्लोराइड होऊन पाण्यात जातो आणि त्याच्या जागी हायड्रोजन बसतो. जितके क्लोरिन जास्त, तितकं हे काम साधारणपणे सोपं. ऊर्जेचा हिशेब केला तर क्लोरिनवरचा श्वास जवळपास नायट्रेटवरच्या श्वासाइतकाच किफायतशीर निघतो. हवेत जे सगळ्यात चिवट, ते हवा नसताना सगळ्यात रुचकर. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून उठले आणि गॅलरीत जाऊन उभी राहिले. बाबांना फोन करायचा होता, पण रात्रीचे दीड वाजता फोन आला की बाबांना अजूनही ब्लोअरच आठवतो.

ही गोष्ट माणसाला फार उशिरा कळली. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या जेम्स टीडजी यांच्या गटाने दाखवलं की ऑक्सिजन नसताना जिवाणू क्लोरिन लावलेल्या बेन्झोएटवरचा क्लोरिन आधी काढतात आणि कड्याला नंतर हात घालतात. दोन वर्षांनी त्यांनी मैलापाण्याच्या गाळातून हे करणारा एक जिवाणू वेगळा केला. तो यावर खरोखर जगतो, नुसता चुकून क्लोरिन उडवत नाही, हे सिद्ध व्हायला १९९० उजाडलं. त्याचं नाव टीडजींवरूनच ठेवलं, डिसल्फोमोनाइल टीडजीआय. मैलापाण्याच्या गाळातून! बाबांच्याच खात्यातला म्हणायचा.

माझा लाडका मात्र दुसरा आहे. डीहॅलोकोकॉइड्स, आणि त्यातला सीबीडीबी१ नावाचा वाण. बर्लिनमध्ये लोरेन्झ एड्रियान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वेगळा केला, २००० साली नेचरमध्ये छापून आलं. त्याचं मूळ झाले नदीच्या गाळात. झाले ही पूर्व जर्मनीतल्या लॉइना आणि श्कोपाऊच्या रासायनिक कारखान्यांवरून वाहते. नकाशावर तो पट्टा बघितला आणि मला कुंडलिकाच आठवली.

हा प्राणी म्हणजे, माझ्या धंद्याच्या भाषेत, एकच काम करणारा प्रोग्रॅम आहे. त्याचा जीनोम सुमारे चौदा लाख अक्षरांचा. साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवला तर १.४ एमबी. सकाळी फॅमिली ग्रुपवर येणारा गुलाबाचा फोटो कधीकधी याहून मोठा असतो. आपल्या पोटातल्या ई. कोलायचा याच्या तिप्पट. एवढ्याशा जागेत त्याने क्लोरिन काढणाऱ्या एन्झाइमची बत्तीस जीन्स भरली आहेत आणि बाकी जवळपास सगळं फेकून दिलंय. साखर खाता येत नाही. इतर जिवाणूंभोवती असते तशी भिंत नाही. हायड्रोजन आणि क्लोरिनवाली संयुगं, बस, याच्यावर जगणं. हवा लागली की मरतो. एकाचे दोन व्हायला दिवस-दोन दिवस लागतात, ई. कोलायला वीस मिनिटं. आणि ज्या एन्झाइमवर सगळं चालतं त्याच्या मध्यभागी बी१२ जीवनसत्त्व लागतं, ते त्याला स्वतःला बनवता येत नाही. शेजारच्या जिवाणूंकडून घ्यावं लागतं. हायड्रोजनही शेजाऱ्यांचाच, ते पालापाचोळा कुजवतात तेव्हा सुटणारा. इतक्या डिपेंडन्सीज असलेला कोड आमच्या टीममध्ये कुणी रिव्ह्यूला टाकला तर मी परत पाठवेन. गाळात मात्र तो चालतो, कारण गाळात शेजारी सोडून जात नाहीत.

आणि तो शेवटपर्यंत नेत नाही, हेही सांगायला हवं. सहा क्लोरिनच्या कड्याला तो दोन-तीन क्लोरिनवर आणून सोडतो. दोन क्लोरिनचं एक कडं तुमच्या ओळखीचं आहे, सार्वजनिक मुतारीत ज्या रंगीत वड्या टाकतात त्या बऱ्याचदा त्याच्याच असतात. तिथून पुढे कडं उघडायला पुन्हा हवेवरचे लागतात, बाबांचे. म्हणजे आधी हवा नको, मग हवा हवी. भाताच्या खाचरात हे दोन्ही बोटभर अंतरावर मिळतं. भाताचं रोप खोडातल्या पोकळीतून मुळांपर्यंत हवा पोचवतं, म्हणून उपटलेल्या रोपाच्या मुळांवर गंजाचा तांबूस थर दिसतो आणि भोवतीचा चिखल राखाडी. तिवराचंही तेच, चिखलातून वर काढलेल्या नाकांनी.

भाताचा विषय निघाला म्हणून आजीचा सांगते. आजीच्या लहानपणी मलेरियाचे लोक पंप घेऊन यायचे. भांडीकुंडी अंगणात काढायची, ते भिंतींवर फवारायचे, दाराजवळ तारीख टाकून जायचे. पांढरे ओघळ महिनोन् महिने भिंतीवर असायचे. डीडीटी. स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया व्हायचा असा अंदाज आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि १९६५च्या सुमारास आकडा लाखावर आला. आजीची एक बहीण हिवतापाने गेली होती, फवारणी यायच्या आधी. त्यामुळे तिच्यासमोर मी डीडीटीला कधी वाईट बोलले नाही. भारतात शेतीत डीडीटी १९८९ पासून बंद आहे, डासांसाठी मात्र चालू राहिलं, आणि जगाने सोडून दिल्यावरही ते बनवत राहिलेली हिंदुस्तान इन्सेक्टिसाइड्स ही सरकारी कंपनी आपलीच. तिचा एक कारखाना रसायनीला, पेणहून उत्तरेला, पाताळगंगेच्या काठी. गावालाच रसायनी नाव पडावं असा जिल्हा आमचा.

डीडीटीच्या रेणूत दोन कडी, प्रत्येकावर एक क्लोरिन, आणि दोघांना जोडणाऱ्या मधल्या भागात आणखी तीन. १९७१ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतून एक अभ्यास आला. पाणी भरलेल्या भाताच्या मातीत डीडीटी कोरड्या मातीपेक्षा लवकर मोडतं, विशेषतः माती कुजक्या पानांची, सेंद्रिय असेल तर. मी ते वाचून हुरळून गेले होते. मग पुढचं वाचलं. चिखलात मधला एक क्लोरिन जातो आणि डीडीडी होतं, आणि तेही विषारीच. हवेत डीडीटीचं डीडीई होतं, ते तर आणखी चिवट, शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचं पातळ करणारं. कड्यांवरचे दोन क्लोरिन बहुधा तसेच राहतात. मोडणं म्हणजे मिटणं नाही. ही बारीक अक्षरातली ओळ वाचेपर्यंत मी माझ्या कलीगला "भातशेती डीडीटी साफ करते" असा मेसेज टाकून बसले होते. तो डिलीट केला.

जानेवारीत मामाकडे पोपटी होती. वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, सगळं मडक्यात भरून तोंडाला भांबुर्ड्याचा पाला कोंबायचा, मडकं पालथं घालायचं आणि वरून पेंढा पेटवायचा. आत पाण्याचा थेंब नाही, हवा नाही. बाहेर जाळ आणि आत शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. जाळाभोवती बसून मी बाबांना सगळं सांगितलं, टीडजी, बर्लिन, बत्तीस जीन्स. मला वाटलं होतं खूश होतील. ते शेकोटीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे आमची टाकी काळी पडायची तेव्हा आत हे असतील?"

"हे असतील का माहीत नाही. कुणीतरी असणारच."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मला अर्धवट माहीत होतं. मी आठवीत असतानाचा जुलै. ब्लोअर तीन दिवस बंद होता, सुटा भाग मुंबईहून यायचा होता. प्लांट थांबवायचा नाही असं वरून आलेलं. टाकी काळी, मागचे हौद काठोकाठ. तिसऱ्या रात्री फोन आला, पाऊस आहे, सोडून द्या. "व्हॉल्व्ह मी उघडला," बाबा म्हणाले. "हेल्परला पाठवून दिलं होतं चहाला. त्याच्या हातून नको म्हणून." सकाळी अष्टमीच्या पुलाखाली मासे पालथे पडलेले मी शाळेत जाताना बघितले होते. पूल बघ्यांनी भरला होता. घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, पुराच्या गढूळ पाण्याने होतं असं. आणि मी ते निबंधात लिहिलं होतं. 'आमची नदी' या विषयावर, पंधरापैकी बारा गुण.

"सगळेच म्हणायचे," ते पुढे म्हणाले, "पाऊस आहे, वाहून जाईल. खाडी पचवते, समुद्र पचवतो." थोडं थांबून, "तू म्हणतेस ते खरं असेल तर पचवतोच की थोडं."

हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला, कारण ते मीच त्यांच्या हातात दिलं होतं.

मग मी त्यांना हडसन नदीचं सांगितलं. न्यूयॉर्क राज्यात जनरल इलेक्ट्रिकच्या दोन कारखान्यांतून १९४७ ते १९७७ या काळात पीसीबी नदीत गेलं. पीसीबी म्हणजे क्लोरिन लावलेली जोडकडी, ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटरसाठी वापरायचे. अंदाज सहा लाख किलोपर्यंतचा. १९८७ मध्ये त्याच कंपनीच्या संशोधकांनी सायन्समध्ये दाखवलं की नदीच्या तळातल्या बिनहवेच्या गाळात पीसीबीवरचे क्लोरिन कमी होतायत, आणि हे काम जिवाणूंचं आहे. पुढच्याच वर्षी टीडजींच्या गटाने हडसनचे जिवाणू प्रयोगशाळेत घेऊन ते करून दाखवलं. विज्ञान अगदी खरं होतं. मग कंपनी वर्षानुवर्षं म्हणत राहिली की गाळ उपसू नका, नदी आपली आपण साफ होतेय. पण क्लोरिन कमी होणं म्हणजे कडी नाहीशी होणं नव्हे. जिवाणू कड्याच्या ठरावीक जागांवरचेच क्लोरिन काढत होते, रेणूंची संख्या तेवढीच राहत होती, आणि मासे खाऊ नका ही पाटी नदीवर तशीच होती. अखेर २००२ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने उपसायचा निर्णय दिला. २००९ ते २०१५ या काळात वीस लाख घनमीटरहून जास्त गाळ काढला, कंपनीच्या खर्चाने.

"जिवाणू खोटं बोलत नव्हते, बाबा," मी म्हटलं. "एकाचे दोन व्हायला त्यांना दोन दिवस लागतात. व्हॉल्व्ह उघडायला किती लागतात?"

बोलून गेले आणि लगेच वाटलं, हे नको होतं बोलायला. त्या माणसाच्या पगारावर लोणेऱ्याची फी भरली गेली. व्हॉल्व्ह त्यांनी उघडला, पण प्लांट चालू ठेवा म्हणणारे ते नव्हते, आणि ते म्हणणाऱ्यांपैकी कुणी सोळा वर्षं अष्टमीचा पूल टाळून बाजारात गेलेला नसणार. बाबा गेलेत. आईने मला ते नंतर सांगितलं. लांबून, वळसा घालून.

कुंडलिका तशी नशीबवान नदी. मुळशीचं पाणी टाटांच्या भिरा वीजघरातून उतरून तिच्यात येतं, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहती. वर कोलाडला त्याच पाण्यावर राफ्टिंग चालतं, माझ्या ऑफिसची ट्रिप दोनदा येऊन गेली. खाली रोह्यानंतर मात्र भरती-ओहोटीचा पट्टा, रेवदंड्याच्या खाडीपर्यंत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशातले ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते, त्यातले ५३ महाराष्ट्रातले, आणि त्यात कुंडलिका आहे. ट्रिपमधल्या कुणालाही मी हे सांगितलं नाही. लाइफ जॅकेट घालून हसत फोटो काढले.

मडकं फोडलं तेव्हा बाबांनी कुणाकडे न बघता विचारलं, "त्यांना खायला काय लागतं?"

"कुणाला?"

"तुझ्या क्लोरिनवाल्यांना."

मी सांगितलं, हायड्रोजन. पण तो थेट द्यावा लागत नाही. अमेरिकेत जमिनीखालचं पाणी क्लोरिनवाल्या द्रावकांनी बिघडलं की बोअर मारून आत काहीतरी गोड किंवा आंबट सोडतात. लॅक्टेट, कधी तेल, कधी उसाची मळी. मळी खाऊन बाकीचे जिवाणू आधी ऑक्सिजन संपवतात, मग हायड्रोजन सोडतात, आणि मग हे जागे होतात.

"मळी," बाबा म्हणाले. "म्हणजे गूळच की."

मे महिन्यात मामाने पुन्हा तळं उपसलं तेव्हा बाबा स्वतः गाळात उतरले. दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली अर्ध्यापर्यंत काळ्या गाळाने भरली, वर तळ्याचं पाणी. मी सांगितल्याप्रमाणे गाळात अंड्याचा बलक आणि वर्तमानपत्राचे तुकडे मिसळले. जवळपास दीडशे वर्षांपूर्वीच्या सर्गेई विनोग्राडस्की नावाच्या रशियन शास्त्रज्ञाची ही युक्ती आहे, चिखल बाटलीत भरून उजेडात ठेवायचा आणि कोण कुठल्या थरात राहतं ते बघायचं. क्लोरिनवाले त्यात दिसणार नाहीत, हे मी बाबांना दोनदा सांगितलं. ते म्हणाले, "बाकीचे तर दिसतील."

बाटली आमच्या रोह्याच्या गॅलरीत, तुळशीशेजारी आहे. आईने वासाच्या भीतीने तिच्याखाली ताटली ठेवलीय. बाबांनी शिफ्टची जुनी कोरी लॉगबुकं रिटायर होताना घरी आणली होती, त्यातलं एक काढलंय. तारीख, वेळ, तापमान, रंग, शेरा. सव्वीस वर्षांची सवय, रकाना मोकळा सोडत नाहीत. मागच्या रविवारी मी गेले होते तेव्हा ते झोपले असताना वही उघडून बघितली. एक्केचाळिसावा दिवस. खालून नऊ सेंटिमीटर काळा. त्यावर तांबूस-जांभळा पट्टा, बोटाच्या पेराएवढा. वर हिरवा. हवा : बंद. आणि शेऱ्याच्या रकान्यात, मी नको म्हटलेलं असताना : गूळ, चिमूटभर.